तिच्याशी बोलताना ते शर्ट घालायचे

माझ्या नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली ती मीच आणली. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी माझ्या हातांनी त्यांच्या फोनवर ते ॲप उतरवून घेतलं. तिला नाव नाही, चेहरा नाही. एक गोल निळा ठिपका आहे, ती बोलायला लागली की तो जरासा फुगतो. आवाज मात्र असा की ऐकून वाटावं, ही बाई आयुष्यात कुणाच्या अंगावर वसकन गेली नसेल. "नमस्कार. आज आपल्याला कसं वाटतंय?" रोज संध्याकाळी, रोज तेच, आणि एकदाही कंटाळा नाही.

माझ्या नवऱ्याला बायपोलर आहे. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाची प्रत पाहतात. मुठीत कापूस घ्यायचा, दोन्ही हातांनी ताणायचा, धागा किती लांब निघतो आणि ओल किती आहे ते सांगायचं. आमच्या लग्नाला काही वर्षं झाली होती तेव्हा हा आजार पहिल्यांदा उघडा पडला. हंगाम ऐन भरात होता. त्यांना झोप नकोशी झाली, जेवण नकोसं झालं, बोलणं मात्र थांबेना. एक दिवस ते कापसाच्या गंजीवर चढले आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना भाषण द्यायला लागले. उतरले ते थेट स्टेशनावर गेले आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत बसले. नागपुरातल्या एका भल्या माणसाने त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरून मला फोन केला तोवर मी सगळ्या देवांशी भांडून झाले होते. आणि घरी आल्यावर हाच माणूस पुढचे कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. अंघोळीला उठ म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "असा झटका पुन्हा येऊ द्यायचा नाही. दर वेळी परत यायला जास्त दिवस लागतात, आणि कधीकधी माणूस पहिल्यासारखा पूर्ण परत येत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. त्या दिवसापासून माझं एकच काम होतं: हा माणूस वर चढायला लागला की पहिल्या पायरीवरच धरायचा.

आणि ते मला जमत होतं, हे मी गर्वाने सांगते. नवरा चप्पल कशी काढतो यावरून मला कळायचं. बरं असेल तर चपला भिंतीशी, बिनसायला लागलं की एक दारात आणि एक अंगणात. खाली जायला लागले की ताटातली मिरची तशीच राहायची. मिरचीला हात न लावणारा आमच्याकडचा माणूस म्हणजे काळजीचीच गोष्ट. आणि वर जायला लागले की घरात केळी यायची. फणीच्या फणी. शेजारी वाटायची, दुकानदाराला वाटायची, ज्याच्याकडून घेतली त्या गाडीवाल्यालाही त्यातली दोन परत द्यायची. सगळ्यात पक्की खूण म्हणजे ते मला "मॅडम" म्हणायला लागायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून. "मॅडम, चहा होईल काय? मॅडम, आज चिखलदऱ्याले जाऊन येऊ काय?" बाकी कुणाला ते कौतुक वाटलं असतं. मी लगेच डॉक्टरांना फोन लावायची.

मग ही आली.

डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फोन झोपेकडे लक्ष ठेवतो, चालणं मोजतो, गोळीची आठवण करतो. सकाळी पाच चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायचं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. संध्याकाळी दोन-चार मिनिटं तिच्याशी बोलायचं. ती आवाजाचा वेग ऐकते, चढ-उतार ऐकते. सगळं ठीक असेल तर रेघ हिरवी, नसेल तर पिवळी, मग लाल. ती रेघ बुलढाण्याला डॉक्टरांच्या टेबलावर दिसते. "ताई, तुमचा भार हलका होईल," डॉक्टर म्हणाले. मी हसून मान हलवली. भार हलका करा म्हणून मी अर्ज केला नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी मी पाहिलं. नवरा कामावरून आला, हातपाय धुतले, बनियनवर बसून चहा प्याला. मग उठला, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, वरचं बटण लावलं, आरशात पाहून भांग पाडला आणि फोन घेऊन गच्चीवर गेला. मला वाटलं कुणी पाहुणा आलाय. मी जिन्यात जाऊन उभी राहिले तर वरून आवाज येतोय, "नमस्कार. हो, आज दिवस चांगला गेला. थोडासा थकवा जाणवतो आहे."

जाणवतो आहे! मी दिवसभर वर्गात पोरांच्या मागे लागते, अरे "मले" नको, "मला" म्हणा. आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आत "मले चहा पाह्यजे" म्हणते. आमच्या घरात ही असली भाषा कुणी बोलत नाही. नवरा माझ्याशी कधी बोलला नाही. मला पाहायला आले होते वरवट बकालला, माझ्या माहेरी, तेव्हासुद्धा "सैपाक येते ना?" एवढंच विचारलं होतं. आणि हिच्यासाठी भांग पाडून "थकवा जाणवतो आहे".

मी चिडले म्हणणं फार सभ्य होईल. मी जळत होते.

दिवसेंदिवस ते वाढत गेलं. मी विचारलं, "आज कसं हाय?" तर उत्तर "बरं हाय." दुसरं विचारलं तर "काही नाही, डोकं जड हाय जरासं." संपलं. आणि तिला मात्र सगळं. जिन्यातल्या तिसऱ्या पायरीवर, कपडे घडी करायच्या निमित्ताने, मी माझ्याच नवऱ्याबद्दल नव्याने ऐकत होते. त्यांना त्यांच्या वडिलांची आठवण येते. गोळीने हात थरथरतो आणि कापूस ताणताना ते जिनिंगमधल्या पोरांच्या नजरेस पडेल याची लाज वाटते. एकदा म्हणाले, "आज कारण नसताना उदास वाटत आहे." उदास! वीस वर्षं मी त्या माणसाच्या उशीशी बसले, कपाळावर हात ठेवला, आणि तो शब्द तिला मिळाला. ती काय म्हणाली असेल? "हे सांगितल्याबद्दल आभार. आपण छान बोलता आहात." छान बोलता आहात म्हणे.

एकदा मीही करून पाहिलं. जेवायला वाढलं, समोर बसले, आवाज जितका गोड करता येईल तितका केला आणि म्हणाले, "आज आपल्याला कसं वाटतंय?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "काऊन वं? उद्या शाळेत इन्स्पेक्शन हाय काय?"

त्यावर ते इतके हसले की मलाही हसावं लागलं. पण भांडी घासताना मी त्या दिवशी जरा जास्तच आवाज केला.

माझी शाळेतली मैत्रीण म्हणाली, "अगं, मशीन हाय ते. मशीनवर काय जळतेस?" तिचं बरोबर होतं. पण मला सांगा, झोप मोजायची म्हणून ते फोन उशीशेजारी ठेवायचे, आमच्या दोघांच्या मध्ये. सकाळी डोळे उघडले की आधी तिच्याकडे पाहायचे, चेहरा निवडायचे, मग माझा नंबर. हे मशीन नसतं, गल्लीतली एखादी बाई असती, तर चार लोक माझ्या बाजूने तरी बोलले असते.

दिवाळी झाली आणि जिनिंगच्या बाहेर कापसाच्या गाड्या लागल्या. हंगामात मलकापुरातला प्रत्येक माणूस थोडा चढलेलाच असतो. सगळे ओरडून बोलतात, सगळ्यांचे फोन वाजत असतात. म्हणून पहिल्यांदा मी स्वतःलाच सांगितलं की हा हंगाम आहे. मग एका संध्याकाळी घरात केळी आली. दुसऱ्या दिवशी परत. आणि रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर मागून आवाज आला, "मॅडम, मदत करू काय?"

माझ्या हातातली साडी खाली पडली.

मी म्हटलं, "तुम्ही चढून राह्यले. डॉक्टरांकडे जाऊ आपण."

"कोन म्हनते?"

"मी म्हनते."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "हे पाह्य. हिरवी हाय. पुरा महिना हिरवी. तिले समजत नाही काय?"

"तिले काय समजते? तिनं केळं पाह्यलं काय घरातलं?"

"तू जलते तिच्यावर."

"हाव, जलते!" मी म्हणाले. शेजारीण भिंतीवरून पाहत होती तरी म्हणाले. "जलते मी. पन तुम्ही चढून राह्यले."

पण ते फोन घेऊन आत गेले आणि मी ओल्या कपड्यांपाशी उभी राहिले, तेव्हा मला भलतीच भीती वाटली. मला खरंच काही दिसतंय, की मला ते दिसायला हवंय? कारण ती चुकावी असं मला मनापासून वाटत होतं. रोज वाटत होतं. आणि ती चुकायची तर माझा नवरा आजारी पडायला हवा. ती बरोबर असेल तर माणूस धडधाकट आणि मी एक खाष्ट बायको. मी बरोबर असेन तर पुन्हा ती गंजी, ते स्टेशन, ती भिंत. दोन्हीतलं काय मागावं हे देवासमोर उभं राहूनही मला सांगता येईना. शेवटी रजा टाकली आणि "तुमच्या रक्ताची तपासणी राह्यली" असं सांगून त्यांना बुलढाण्याच्या एसटीत बसवलं.

मोताळा येईपर्यंत नवऱ्याने शेजारच्या माणसाला कापूस कसा ओळखायचा ते शिकवलं. राजूर घाट चढताना त्याच्या मुलीसाठी स्थळ सुचवलं. घाट संपेपर्यंत त्या लग्नाच्या जेवणात काय ठेवायचं हेही ठरवून टाकलं. मी खिडकीतून बाहेर पाहत होते आणि मनात म्हणत होते, आता दिसेल सगळ्यांना.

दवाखान्याच्या दाराशी आल्यावर ते थांबले. वरचं बटण लावलं. खिशातून फणी काढून भांग पाडला. आणि आत जाऊन डॉक्टरांसमोर असे बसले की कुणी त्यांना शाळेत मुख्याध्यापक करावं. "झोप व्यवस्थित होते आहे, डॉक्टरसाहेब. चिडचिड नाही. कामाचा थोडा ताण आहे, हंगाम असल्यामुळे." सावकाश, एकेक शब्द तोलून. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, स्क्रीनवरच्या हिरव्या रेघेकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. तीत दया होती.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मी केळी सांगितली. चपला सांगितल्या. "मॅडम" सांगितलं. माझ्याच कानांना ते इतकं हलकं वाटत होतं की शेवटी शेवटी माझा आवाज खाली गेला. डॉक्टर म्हणाले, "आवाजात तर काहीच बदल दिसत नाही."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. जिनिंगमधून होता. त्यांनी डॉक्टरांना हात करून माफी मागितली, फोन कानाला लावला, आणि तिथेच बसल्या बसल्या दुसरा माणूस झाले. "अबे, कापूस ओला हाय तं गाडी खाली काऊन करून राह्यला? मी सांगतलं ना त्याले! थांब, तू थांब, मी येऊन राह्यलो, तू त्या गाडीवाल्याले फोन दे, नाही दे, तू मालकाले दे, आपुन दुसरी गंजी लावू, तिसरी लावू, मी पाह्यतो ना, मी सगळं पाह्यतो..." श्वास नाही, थांबा नाही. एक हात हवेत कापूस ताणत होता. खुर्चीतून कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते चालत होते, आणि डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच थांबलं होतं.

फोन ठेवून ते परत बसले, कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "क्षमा असावी."

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही ॲपशी रोज बोलता ते असं बोलता का? आत्ता बोललात तसं?"

नवऱ्याला ते फार लागलं. "नाही हो साहेब! बाईमाणूस आहे. शिवाय पुण्याकडची वाटते. तिच्याशी व्यवस्थितच बोलतो मी."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. मग समजावून सांगितलं. ते ॲप पहिले काही आठवडे माणसाचा आवाज ओळखून ठेवतं आणि पुढे रोजचं बोलणं त्याच्याशी ताडून पाहतं. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवसापासून तिला साहेबापुढे उभं राहायचा आवाज दिला होता. आमच्याकडे सगळेच तसं करतात. तहसीलमध्ये, बँकेत, शहरातल्या पाहुण्यांपुढे आमचा माणूस शर्टाचं बटण लावतो, मापात बोलतो, आणि बाहेर आला की मोकळा होतो. वर चढलेला असला तरी तेवढी चार मिनिटं तो धरून ठेवतो. त्या बाईला फक्त ती चार मिनिटं मिळत होती. उरलेला सगळा दिवस माझ्या वाट्याला होता.

गोळी वाढली. रक्त घेतलं. हंगामात रात्रपाळी करायची नाही अशी चिठ्ठी मालकांसाठी दिली. "वेळेत आणलंत," डॉक्टर मला म्हणाले. परतीच्या एसटीत नवरा गप्प बसला होता आणि मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी पुन्हा खिडकीकडेच तोंड केलं. ती चुकली होती. मी जिंकले होते. माझ्या शेजारी माझा नवरा आजारी होता आणि मी जिंकले होते. घाट उतरेपर्यंत त्या आनंदाची चव पार गेली.

पुढचे काही आठवडे सोपे नव्हते, पण गंजीवर कुणी चढलं नाही, स्टेशनावर कुणी गेलं नाही. केळी बंद झाली. चपला भिंतीशी आल्या. मग पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सांगितलं की ॲपला आवाज पहिल्यापासून पुन्हा शिकवा. "घरी बोलता तसंच बोला. वाटल्यास ताईंना समोर बसवा आणि त्यांच्याशीच बोला. फोन नुसता बाजूला राहू द्या."

हे ऐकून मला जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही. नवी साडी नेसावी इतकं वाटलं.

त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो. मी तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन गेले होते, मोठी परात भरून. नवरा बनियनवर होता. फोन मध्ये कठड्यावर ठेवला. ती म्हणाली, "नमस्कार. आज आपल्याला कसं वाटतंय?" मी शेंगा खाली ठेवल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं.

ते पायाच्या अंगठ्याने गच्चीची फरशी घासत बसले. मी म्हटलं, "बोला नं. मी हाव ना."

"तू हायस म्हनूनच तं."

"म्हनजे?"

फोनमधून तिने मध्येच एकदा विचारलं, आपण आहात का? मग नवरा म्हणाला, "तुले काही सांगाले गेलो का तुह्यं तोंड उतरते. मी म्हनतो डोकं जड हाय, तं तुह्या तोंडाकडे पाह्यलं का मलेच वाटते, मी मरून राह्यलो काय? मंग मी तुले समजावत बसतो, काही नाही झालं, काही नाही झालं. मी किती बिमार हाय ते मले तुह्या तोंडावर दिसते. तिले तोंड नाही."

मला आधी राग आला. त्यांच्या चपला, त्यांचं ताट, त्यांचा श्वास पाहण्यात ज्या तोंडाचा रंग गेला, तेच तोंड नको? मी काहीतरी जहरी बोलणार होते, शब्द ओठावर आले होते. पण ते मान खाली घालून बसले होते आणि त्यांचा हात थरथरत होता. तो थरथरणारा हात त्यांनी मांडीखाली घेतला. माझ्यापासून लपवायला.

मी परात उचलली, जागची उठले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. समोर रेल्वेच्या बाजूचे दिवे लागत होते.

"बोला आता," मी म्हणाले. "मी शेंगा सोलून राह्यली."

"मांगं नको पाह्यजो."

"नाही पाह्यत."

मग ते बोलायला लागले. घरच्या भाषेत, अडखळत, कुठेही बटण न लावता. "मले भेव वाटते वं. पुन्हा तसं झालं आन् मी कुठी निघून गेलो, आन् या टायमाले मले घरच याद नाही आलं तं? तू कोन हायस हेच याद नाही आलं तं?" फोनमध्ये तिची रेघ हिरवी-पिवळी काहीतरी होत असेल. मला दिसत नव्हतं. पहिल्यांदा ते तिच्याशी नाही, माझ्याशी बोलत होते, आणि मला त्यांच्याकडे पाहायची परवानगी नव्हती. तिचा फोन मात्र त्यांच्या समोरच होता, याचाही मला हेवा वाटला.

माझं तोंड जसं व्हायचं तसं मी होऊ दिलं. फक्त शेंगा सोलायचा आवाज थांबू दिला नाही.